तडा बुजवता येतो. कबूल कोण करणार?

१९९३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. पूर्व भारतातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी म्हणून मला जेमतेम सात महिने झाले होते. धान खरेदीचा हंगाम ऐन भरात होता. अशा एका संध्याकाळी रस्ते विभागातील एक कनिष्ठ अभियंता वेळ न ठरवता भेटीला आला. त्याच्या हातात फाइल नव्हती. वहीतून फाडलेल्या कागदावर पेन्सिलीने काढलेली एक आकृती तेवढी होती. गावाबाहेरच्या नदीवरील जुन्या पोलादी पुलाच्या एका गर्डरला खालच्या बाजूने तडा गेला आहे, असे त्याचे म्हणणे होते. तड्याची लांबी चार बोटे. तो त्याला दिसला नव्हता; दिसला होता तो रंगावर उमटलेला गंजाचा बारीक तांबूस ओघळ. ओघळ खरवडल्यावर खाली तडा निघाला.

‘‘पूल किती दिवस तग धरेल?’’ मी विचारले. ‘‘साहेब, तडा वाढतो आहे की थांबला आहे, तेच मला ठाऊक नाही. म्हणून तर आलो,’’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जड वाहनांना पूल बंद केला. दुपारपासून दूरध्वनी खणाणू लागले. भातगिरण्या एका तीरावर आणि गोदामे दुसऱ्या तीरावर. वळसा सत्तर किलोमीटरचा. तिसऱ्या दिवशी राजधानीतून विचारणा झाली की, ज्या पुलावर एवढी वर्षे काही झाले नाही, तो आताच धोकादायक कसा ठरला? मी नमलो. एका वेळी एकच ट्रक आणि तोही सावकाश, अशी सवलत दिली. दुरुस्ती सुरू व्हायला त्यानंतर अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत काहीही घडले नाही. पुढे फाइलीवर शेरा आला तो असा : अभियंत्याने अवाजवी घबराट निर्माण केली. काही महिन्यांत त्याची बदलीही झाली. नशिबाने साथ दिली होती. कागदावर मात्र ती निर्णयक्षमता म्हणून नोंदली गेली, आणि त्या कागदावर माझीही स्वाक्षरी आहे.

हा प्रसंग आता सांगण्याचे कारण आहे. ९ जुलै २०२५ रोजी गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा, महिसागर नदीवरील गंभीरा पुलाचा एक भाग कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. पूल १९८५ सालचा आणि काँक्रीटचा होता. त्याचे तंत्र वेगळे, दोष वेगळा. पण दुसऱ्याच दिवशी चार अभियंत्यांचे निलंबन झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला तो पेन्सिलीने काढलेला कागद आठवला. आपल्याकडे पूल पडल्यावर अभियंत्याला शिक्षा होते. पूल पडण्याआधी बोलणाऱ्या अभियंत्याचे काय होते, ते मी पाहिले आहे.

धातू थकतो म्हणजे काय

गर्डर म्हणजे पुलाचा भार पेलणारी लांब तुळई. तिचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो : वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि दोहोंना सांधणारा उभा पत्रा. ट्रक पुलावर आला की खालची पट्टी ताणली जाते. तो गेला की सैल होते. प्रत्येक वेळचा ताण पोलादाच्या ताकदीच्या मानाने थोडाच असतो. पण पक्कड हाताशी नसली की आपण तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, ते आठवून पाहावे. एका वाकवण्याने तार तुटत नाही. ती वाकवण्यांच्या संख्येने तुटते. पुलाच्या बाबतीत ही संख्या कोटींत जाते. समजा, एखाद्या पुलावरून दिवसाला पाच हजार जड वाहने जात असतील, तर चाळीस वर्षांत ती संख्या सात कोटींवर पोहोचते. वेल्डच्या टोकाशी, छिद्राच्या कडेशी, जिथे आकार एकाएकी बदलतो अशा एखाद्या कोपऱ्यात मग सूक्ष्म चीर पडते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक कणाकणाने पुढे सरकते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात.

हे ज्ञान नवे नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वापराने धातूचे ‘स्फटिकीकरण’ होते आणि तो ठिसूळ बनतो, अशी त्या काळी समजूत होती. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने तुटलेल्या आसांचा अभ्यास करून दाखवून दिले की, तडा आसाच्या धारदार खांद्यापाशी सुरू होतो आणि हळूहळू आत शिरतो. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने वर्षानुवर्षे आस फिरवून प्रयोग केले. एकदाच येणाऱ्या मोठ्या भारापेक्षा ताणातील चढउतार किती आणि ते किती वेळा, यावर आयुष्य ठरते, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच मानवजातीला हे कळले होते.

या शास्त्रातील एक नियम धोरणकर्त्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवावा असा आहे. वेल्ड केलेल्या जोडांची हानी ताणाच्या चढउताराच्या साधारणपणे घनाच्या प्रमाणात होते. भार दुप्पट झाला तर हानी आठपट. मर्यादेच्या दीडपट माल भरलेला एक ट्रक पुलाच्या आयुष्यातून तीनहून अधिक कायदेशीर ट्रकांएवढा हिस्सा खातो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ही वाढ पावणेतेरा टक्क्यांची. बाकी सर्व समान धरले, तर त्या आसामुळे होणारी थकव्याची हानी सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते. मालवाहतूक स्वस्त व्हावी हा त्या निर्णयामागचा हेतू समजण्याजोगा आहे. पण त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती पुलांच्या खालच्या पट्ट्यांवर मांडली जाते आणि तिची वसुली पुढच्या पिढीकडून होते.

रिव्हेटकडून वेल्डकडे

आपल्याकडील जुने पोलादी पूल रिव्हेटांचे आहेत. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला हावडा पूल हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा तो सांगाडा रिव्हेटांनी सांधलेला आहे. रिव्हेटच्या बांधणीत एक गुण आपोआप येतो. अनेक पत्रे एकावर एक ठेवून जोडलेले असल्याने एका पत्र्यात तडा गेला, तर तो त्या पत्र्याच्या कडेला येऊन थांबतो. शेजारच्या पत्र्याला त्याचा संसर्ग होत नाही. अशा पुलांची तपासणीही सोपी होती. खलाशी हातोडी घेऊन प्रत्येक रिव्हेटवर ठोका देई आणि सैल रिव्हेटचा आवाज त्याच्या कानाला कळे.

वेल्डिंगने पोलाद हलके, स्वस्त आणि सुबक केले. पण सारा गर्डर एकसंध झाला. तड्याला आता थांबायला कड उरली नाही. हातोडीच्या आवाजावरून वेल्डमधला दोष कळत नाही. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी, चुंबकीय कण किंवा रंगद्रव्याची चाचणी लागते आणि ती करणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

माझ्या जिल्ह्यातील पुलाची कथा या दोन युगांच्या सांध्यावरची होती. मूळ पूल रिव्हेटांचा. मधल्या काळात कोणीतरी तो ‘मजबूत’ करण्यासाठी खालच्या पट्टीवर आणखी एक पोलादी पट्टी वेल्ड केली होती. तडा गेला तो नेमका त्या जोडपट्टीच्या टोकाशी. जुन्या पोलादाला वेल्डिंग सहसा मानवत नाही आणि अर्ध्यावरच संपणाऱ्या जोडपट्टीचे टोक हे थकव्याचे लाडके ठिकाण असते, हे मला नंतर समजले. दुरुस्तीनेच दुखणे आणले होते. ती पट्टी कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने लावली, याचा एकही कागद सापडला नाही.

चांगल्या हेतूने केलेली सावधगिरीही अंगलट येऊ शकते. वेल्ड केलेल्या गर्डरांच्या सुरुवातीच्या काळात अनेक देशांतील अभियंत्यांनी ताणाखाली असलेल्या पट्टीला आडवे वेल्ड करायचे टाळले. शेजारच्या गर्डरांना जोडणारे आडवे सांगाडे ज्या उभ्या पट्ट्यांना धरलेले असतात, त्या पट्ट्या खालच्या पट्टीच्या थोड्या वरच थांबवल्या जात. मध्ये उभ्या पत्र्याचा दोन-चार बोटांचा उघडा तुकडा राही. ट्रक गेला की एक गर्डर शेजारच्यापेक्षा अधिक दबतो, आडवा सांगाडा ओढला जातो आणि तो छोटा तुकडा कागदासारखा आतबाहेर वाकतो. तिथेच तडे पडू लागले. अमेरिकेतील पोलादी महामार्ग पुलांवर आढळलेल्या थकव्याच्या तड्यांत या प्रकाराचा वाटा फार मोठा आहे. १९८० च्या दशकात तेथील नियम बदलले आणि ती पट्टी खालपर्यंत घट्ट जोडणे आवश्यक ठरले. एका तड्याच्या भीतीने दुसऱ्या तड्याला जागा करून दिली होती.

छिद्र, पट्टी आणि बोल्ट

तडा दुरुस्त करण्याची पद्धत सामान्य वाचकाला चकित करील अशी आहे. पहिले काम म्हणजे तड्याच्या टोकाशी छिद्र पाडणे. तड्याचे टोक अतिशय तीक्ष्ण असते आणि सारा ताण तिथे एकवटतो. त्या ठिकाणी गोल छिद्र पाडले की ताण त्याच्या परिघावर पसरतो आणि तड्याला पुढे सरकायला धार उरत नाही. पण त्यासाठी टोक नेमके कुठे आहे हे कळले पाहिजे. रंग खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करतात, लाल रंगद्रव्य लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. चिरेत उरलेला रंग बाहेर येऊन तड्याची रेघ उमटते. छिद्र साधारण पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे असते. त्यातून निघालेली चकती तपासून तड्याचे टोक तिच्यातच आले आहे ना, याची खात्री केली जाते. छिद्राच्या कडा घासून गुळगुळीत करतात. टोक चुकले, तर छिद्र व्यर्थ. तडा त्याच्या बाजूने आपली वाट चालत राहतो.

पण छिद्र ही मलमपट्टी आहे. तुटलेल्या भागाचे बळ परत आणण्यासाठी दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून त्या उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळतात. वेल्डिंगपेक्षा बोल्टला पसंती दिली जाते, कारण चालू पुलावर, डोक्यावरच्या दिशेने, वाहतुकीच्या थरथरीत केलेले वेल्ड नवा दोष मागे ठेवून जाण्याची शक्यता दाट असते. वेल्डच्या काठाशी तडा नुकताच, काही मिलिमीटर खोल असेल, तर तो घासून काढता येतो किंवा पृष्ठभागावर लहान ठोके देऊन तिथे दाब निर्माण करता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तडा ज्या कारणाने पडला, ते कारण दूर करावे लागते. वर सांगितलेला उघडा तुकडा वाकत असेल, तर उभी पट्टी कोनपट्ट्या आणि बोल्ट वापरून खालच्या पट्टीला घट्ट जोडावी लागते. नाहीतर छिद्राच्या पलीकडून नवा तडा निघतो.

यात अशक्य असे काही नाही. देशातील चांगल्या कारखान्यांत हे काम करू शकणारे कारागीर आहेत. पोलादी पुलांच्या दुरुस्तीची आणि पुनर्वसनाची मार्गदर्शक सूत्रे इंडियन रोड्स काँग्रेसने २००७ सालीच प्रसिद्ध केली आहेत. पूल-निरीक्षणाची सूत्रे त्याहून जुनी आहेत. पोलादी रस्ते-पुलांची संहिता २०१० मध्ये नव्या पद्धतीने लिहिली गेली, तिच्यात थकव्याचा विचार आहे. आपल्याजवळ पुस्तके आहेत. प्रश्न पुस्तकाचा नाही.

मेम्फिसचा दूरध्वनी

११ मे २०२१ रोजी अमेरिकेत, मिसिसिपी नदीवरील हर्नांडो डी सोटो पुलाच्या नियमित तपासणीत एका निरीक्षकाला कमानीचे दोन्ही पाय एकत्र बांधून ठेवणाऱ्या मुख्य पेटीसारख्या तुळईत आरपार भेग दिसली. हा पूल आर्कान्सा आणि टेनेसी या राज्यांना जोडतो आणि त्यावरून रोज सुमारे चाळीस हजार वाहने जात. पथकाने वरिष्ठांच्या लेखी आदेशाची वाट पाहिली नाही. आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करून वाहतूक ताबडतोब थांबवायला सांगितले. पुलाखालची जलवाहतूकही तीन दिवस थांबली आणि सुमारे एक हजार मालवाहू तराफे नदीत अडकून पडले. देशाच्या एका मुख्य धमनीचे हे बंद पडणे जवळपास तीन महिने चालले.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. आधी भेगेच्या दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्ट्या लावून पूल कामासाठी सुरक्षित केला गेला. मग ताणलेल्या पोलादी सळयांवर भार घेऊन तुटलेला भाग काढला आणि बोल्टांनी नव्या पट्ट्या बसवल्या. त्याचबरोबर पुलावरील इतर वेल्ड ध्वनिलहरींनी तपासून संशयास्पद ठिकाणी जादा पट्ट्या लावल्या. ऑगस्टच्या आरंभी वाहतूक पूर्ववत झाली. पुढील चौकशीत भेगेचे मूळ १९७० च्या दशकात, तुळई कारखान्यात घडत असताना वेल्डमध्ये राहून गेलेल्या दोषापर्यंत पोहोचले.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही भेग २०१९ सालच्या ड्रोन चित्रीकरणात दिसत होती. पुढे २०१६ मध्ये नदीतून जाणाऱ्या एका नौकाविहाऱ्याने सहज काढलेल्या छायाचित्रातही तिची खूण सापडली. म्हणजे मधल्या वर्षांतील तपासण्यांतून ती निसटली होती. संबंधित निरीक्षकाला नोकरी गमवावी लागली. पूल मात्र उभा राहिला, कारण एका माणसाने अखेर जे दिसले ते पाहिले आणि त्याच्या शब्दावर पूल बंद झाला. पूल बंद करण्याचा अधिकार आणि धैर्य ही दोन्ही त्या पथकाजवळ होती. १९९३ मध्ये माझ्या कनिष्ठ अभियंत्याजवळ त्यांपैकी धैर्यच तेवढे होते.

अमेरिकेने हा धडा फुकट शिकलेला नाही. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ कोसळून ४६ जण मृत्युमुखी पडले. झुलत्या पुलाच्या साखळीतील एका दुव्यात काही मिलिमीटरचाही नसलेला तडा त्याला कारण ठरला. त्यानंतर पूल-निरीक्षणाचे राष्ट्रीय निकष आले आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. दक्षिण कोरियाचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा वाटावा. २१ ऑक्टोबर १९९४ च्या सकाळी सोलमधील सोंगसू पुलाचा मधला तुकडा हान नदीत पडला आणि ३२ जण गेले. त्यांत शाळेला निघालेल्या मुली होत्या. पूल अवघा पंधरा वर्षांचा होता. वेल्डिंग निकृष्ट, ट्रक अपेक्षेपेक्षा जड आणि देखभाल नाममात्र. वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेने घाईने बांधलेला तो पूल होता. महापौरांना पद सोडावे लागले. पण कोरिया तेवढ्यावर थांबला नाही. पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकामांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र संस्था उभी राहिली.

आपली पोलादी दिशा

भारतात या प्रश्नाला आता निकड आली आहे, कारण आपण पुन्हा पोलादाकडे वळलो आहोत. पाटण्याचा महात्मा गांधी सेतू १९८२ मध्ये काँक्रीटचा म्हणून वाहतुकीला खुला झाला. साडेपाच किलोमीटरहून लांब अशा या पुलाची वरची बांधणी काही दशकांतच खंगली आणि अखेर ती उतरवून पायांवर पोलादी सांगाडा चढवावा लागला. त्याची एक बाजू २०२० मध्ये, तर दुसरी २०२२ मध्ये वाहतुकीला मिळाली. आसाममधील बोगीबील पूल, २०१८ चा, जवळपास पाच किलोमीटर लांबीचा आणि रेल्वे व रस्ता दोन्ही वाहणारा, हा देशातील पहिला पूर्णतः वेल्ड केलेला मोठा पोलादी पूल मानला जातो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईच्या अटल सेतूच्या काही लांब गाळ्यांत पोलादी तळपत्र्याची बांधणी वापरली आहे. त्यात चाकांचा भार थेट पोलादी पत्रा आणि त्याखालच्या वेल्ड केलेल्या पन्हळींवर येतो.

या सर्व अभिमानास्पद रचना आहेत. परंतु त्यांच्या जातकुळीचा इतिहास ठाऊक असावा. इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणारा सेव्हर्न पूल १९६६ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या दशकातच त्याच्या पोलादी तळपत्र्याच्या वेल्डांवर थकव्याचे तडे दिसू लागले. रॉटरडॅमच्या व्हॅन ब्रिनेनोर्ड पुलावर १९९० मध्ये सुरू झालेल्या उघडत्या गाळ्याच्या पोलादी पत्र्यात सात वर्षांतच तडे सापडले. नंतरच्या संहिता आणि जाड पत्रे यांमुळे आजची रचना अधिक चांगली आहे, यात शंका नाही. पण वेल्ड केलेला पूल म्हणजे आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून पाहण्याची बांधिलकी होय. तो बांधून कोनशिला बसवली की काम संपत नाही.

पाहण्याची संस्कृती आपल्याला परकी आहे, असेही म्हणता येणार नाही. रेल्वेत पावसाळ्यानंतर दरवर्षी पुलांची तपासणी होते, प्रत्येक पुलाची नोंदवही असते आणि कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने काय पाहायचे ते ठरलेले असते. त्यात उणिवा असतील. पण पुलाला स्मृती आहे. रस्त्यांच्या पुलांना ती उशिरा मिळाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांच्या नोंदणीची भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. दीड लाखांहून अधिक मोऱ्या आणि पूल तिच्यात नोंदले गेले. हे काम मोलाचे आहे. पण गंभीरा पूल राज्याच्या अखत्यारीतला होता आणि माझ्या जिल्ह्यातला पूलही तसाच. राज्य आणि जिल्हा मार्गांवरील असंख्य पुलांना आजही कोणाच्या तरी डोळ्यांतल्या आठवणीवर जगावे लागते. बदली झाली की ती आठवणही जाते.

चार सूचना

सेवेतून बाहेर पडलेला माणूस उपदेशाला सोकावतो, याची जाणीव ठेवून चारच गोष्टी सुचवतो.

पहिली, तपासणाऱ्या अभियंत्याला पूल थांबवण्याचा अधिकार असावा. ठरावीक मुदतीपुरती, समजा तीन दिवसांची, बंदी त्याच्या सहीने लागू व्हावी आणि ती उठवायची असेल, तर उठवणाऱ्याने कारण लिहून आपली सही करावी. असा नियम १९९३ मध्ये असता, तर राजधानीतून आलेला तो दूरध्वनी बहुधा आला नसता. तोंडी आदेश देणारे लेखी आदेश देताना फार विचार करतात. तडा खोटा ठरला, तरी अभियंत्याच्या सेवापुस्तिकेवर त्याचा डाग पडू नये.

दुसरी, प्रत्येक पोलादी पुलाचे तडापत्रक जाहीर असावे. कोणत्या गर्डरवर, कोणत्या तारखेला, किती लांबीचा तडा दिसला, त्याचे काय केले, पुढची तपासणी कधी, एवढीच माहिती. लोक घाबरतील अशी भीती प्रशासनाला वाटते. माझा अनुभव असा की, लोक लपवलेल्या गोष्टीला अधिक घाबरतात. तडा असणे ही नामुष्की नाही; मोठ्या पुलांना तडे पडतात आणि ते दुरुस्तही होतात. ही माहिती एका तपासणीकडून दुसऱ्या तपासणीकडे पोहोचली, तर चार बोटांचा तडा सहा बोटांचा झाला की नाही, हे तरी कळेल.

तिसरी सूचना इतिहासाचा विद्यार्थी म्हणून करतो. पुलाचे दस्तऐवज पुलाइतकेच टिकले पाहिजेत. प्रत्यक्ष बांधणीचे नकाशे, पोलादाचा दर्जा, प्रत्येक महत्त्वाच्या वेल्डची चाचणी, कारखान्यात दुरुस्त केलेल्या वेल्डांची यादी, हे सारे कंत्राटदाराच्या संगणकात नव्हे, सार्वजनिक अभिलेखागारात जमा व्हावे. त्याशिवाय शेवटचे देयक मंजूर होऊ नये. मेम्फिसच्या भेगेचे मूळ पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्यात होते. आपल्या आजच्या पुलांच्या भेगांची मुळे २०७५ मध्ये कोणी शोधायला निघाला, तर त्याला काय सापडेल?

चौथी, वजनाचा प्रश्न पुलाच्या हिशेबात धरावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जादा माल भरल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा दंड आहे. घनाचा नियम पाहता तो अतिरेकी मुळीच नाही. पण तो नाक्यावरच्या माणसाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. मोठ्या पोलादी पुलांच्या दोन्ही तोंडांशी चालत्या वाहनाचे वजन नोंदवणारी यंत्रणा हवी आणि तिचे आकडे पूल तपासणाऱ्या अभियंत्यापर्यंत पोहोचायला हवेत. आपल्या पुलाने गेल्या वर्षी किती ओझे सोसले, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

या चारही गोष्टींना एखाद्या नव्या पुलाच्या तुलनेत फार पैसा लागणार नाही. पण त्यांत उद्‌घाटनाची फीत नाही, हेही खरे. पूल पडला नाही, ही बातमी होत नाही. अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम कापली जाते, तेव्हा कोणी उपोषणाला बसत नाही. पोलाद त्या दिवशी काहीच बोलत नाही. ते फक्त मोजत राहते.

त्या पुलाची दुरुस्ती मी पाहायला गेलो होतो. गर्डरखाली बांबूची परांची बांधली होती. तड्याच्या टोकाशी छिद्र पाडल्यावर निघालेली चकती त्या अभियंत्याने माझ्या तळहातावर ठेवली. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी ती होती. तिच्या कडेपासून मध्यापर्यंत केसासारखी काळी रेघ गेली होती आणि तिथे थांबली होती. ‘‘मिळाले टोक,’’ तो म्हणाला. बाकी काही बोलला नाही. मी त्या वेळी त्याचे आभार मानले. शेरा मात्र पुढे जो आला तो आला आणि मी त्याला हरकत घेतली नाही. चकती अनेक वर्षे माझ्या टेबलावर कागद दाबायला होती. पाहणारे विचारत, हे काय आहे? मी सांगत असे की, एका पुलाचा तुकडा आहे. तो तडा कोणी शोधला, हे सांगायचे बहुतेक वेळा राहून जाई.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)